घरोघरच्या गोष्टी : दोन आसनांची मोटार

शर्यतीच्या घाटणीच्या मोटारीवर या सदरात लिहिण्याचा प्रसंग येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. परंतु सन 2025 च्या ज्येष्ठात आमच्या अकोल्याच्या घरी या एका विषयावर तीन दिवस चर्चा चालली, आणि तीत ओसरीपासून माजघरापर्यंत सर्वांनी भाग घेतला. प्रश्न पैशाचा होता, जिवाचा होता, आणि थोडा रुसव्याफुगव्याचाही होता. असे प्रश्न एकत्र कुटुंबात निरनिराळ्या रूपांनी वरचेवर येतात. सबब ती हकीकत येथे देत आहो.

आमचा पुतण्या पुण्यास असतो. शिक्षणाने एंजिनिअर, वय चाळिशीच्या आसपास. त्याच्याजवळ एका जर्मन कारखान्याची दोन आसनांची, 2014 सालची मोटार आहे. ती त्याने 2018 साली दुसऱ्याच्या हातची घेतली. कारखान्याचे नाव सांगत नाही. या पानांतून कोणाची जाहिरात करण्याची आमची इच्छा नाही. सूनबाईंची चार आसनांची मोटार वेगळी आहे. तेव्हा ही निव्वळ हौसेची. हौसेस आमचा विरोध नाही. आमच्या तीर्थरूपांनी ग्रंथ जमविण्यापायी वर्षाचा पगार घालविला होता, आणि ते ग्रंथ पुढे आमच्यापेक्षा वाळवीनेच अधिक वाचले.

गतवर्षी नदीकाठचे शेत विकले गेले. त्यातला स्वतःचा वाटा व जुन्या मोटारीची येईल ती किंमत, अशी बेरीज करून त्याच कारखान्याची नवी मोटार घ्यावी असा पुतण्याचा बेत होता. थोरल्या वहिनींचे, म्हणजे त्याच्या मातोश्रींचे, म्हणणे असे की, शेत गेले ते गेले, निदान त्याचे पैसे नातीच्या शिक्षणास राहू द्यावे. थोरले बंधू काहीच बोलेनात. आम्ही शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्यात हयात घालविली असल्यामुळे निवाडा आमच्याकडे आला.

आम्ही पुतण्यास प्रथम एवढेच विचारले, "आहे त्या मोटारीत तुला कमी काय पडते?"

तो म्हणाला, "काका, ती आता रस्ता धरीत नाही. काल राजूरकडे जाताना विठा घाटात ओल्या वळणावर मागची बाजू सरकली. वेग फार नव्हता. जुनी झाली, दुसरे काय!"

हे ऐकून वहिनींचा चेहरा उतरला, आणि क्षणभर आम्हांसही वाटले की, असे असेल तर मोटार बदललेलीच बरी. मुलाच्या जिवापुढे शेताचे पैसे ते काय! परंतु जुनी झाली म्हणजे नेमके काय झाले, हे पाहिल्यावाचून निर्णय देणे शिक्षकी पेशास शोभले नसते. आम्ही विजेरी घेऊन अंगणात गेलो आणि मोटारीच्या मागील चाकापाशी बसलो.

टायरच्या कडेवर पुष्कळ अक्षरे व आकडे असतात. त्यांत एका लांबट चौकटीत चार आकडे निराळे असतात. पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन सालाचे. पुतण्याच्या टायरांवर 2317 असे निघाले. म्हणजे ते 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले होते. मोटारीसोबत आले ते आजतागायत तेच. हौसेची मोटार फिरते थोडी, त्यामुळे नक्षी झिजली नव्हती. कायद्याने नक्षीची खोली निदान 1.6 मिलीमीटर लागते. येथे तिच्या दुपटीहून अधिक होती. ती पाहूनच तो निर्धास्त राहिला होता. पण रबर झिजण्याने जसे निकामी होते तसे वयानेही होते. ऊन, वारा व उष्णता यांनी ते हळूहळू कडक होते, आणि कडक रबर ओल्या डांबरास चिकटून राहत नाही. मोटार कितीही शक्तीची असो, प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वेग वाढविणे, वळणे व थांबणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांवर होतात. त्यातून तो दिवस पहिल्या पावसाचा. महिनोन् महिने साचलेले तेल व धूळ पहिल्या सरीने वर येते, आणि रस्ता त्या दिवशी जेवढा निसरडा असतो तेवढा पुढे भर श्रावणातही नसतो.

पुतण्या बराच वेळ त्या चार आकड्यांकडे पाहत राहिला. एंजिनिअर असून हे पाहिले नाही, याची त्यास लाज वाटली असावी. आम्ही बोललो नाही. पुढे त्यानेच विचारले, "आणि ब्रेक ऑइल?" ते कधी बदलले, हेही त्यास आठवेना. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. घाट उतरताना ब्रेक तापले म्हणजे त्या पाण्याची वाफ होते, व पाय दाबला तरी ब्रेक पोकळ लागतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावयाचे असते. शॉकॲब्सॉर्बरही अकरा वर्षांचे होते. थोडक्यात, मोटार म्हातारी झाली नव्हती; तिची देखभाल झाली नव्हती.

एवढ्यावर प्रश्न मिटला असे वहिनींना वाटले. आम्हांस तसे म्हणता येईना, कारण पुतण्याचे दुसरे कारण खरे होते. 2025 पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची पद्धत जवळजवळ सर्वत्र झाली. हे इथेनॉल काही अंशी उसापासून येते. तेव्हा आमच्या जिल्ह्यातील ऊसच पुतण्याच्या टाकीत जातो असे म्हटले तरी चालेल. आपल्याकडे 2023 पासून निघालेल्या मोटारींचे रबरी व धातूचे भाग या मिश्रणास टिकतील असे केलेले असतात. 2014 सालच्या मोटारीबद्दल तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून इंधनही थोडे अधिक जळते. यावर तूर्त उपाय म्हणजे नळ्या व जोड वरचेवर तपासणे, आणि मिश्रण भरलेल्या टाकीने मोटार महिनोन् महिने उभी न ठेवणे. हे मोटार बदलण्याचे कारण आहे. पण आजच बदलण्याचे नव्हे.

दुसऱ्या दिवशी नव्या मोटारीचा छापील तक्ता ओसरीवर पसरला गेला. मूळ किंमत एक आणि जादा सोयींची यादी दुसरी. ती आमच्या घरच्या लग्नातल्या रुखवताच्या यादीहून लांब होती. येथे वाचकांस एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. परदेशाहून तयार येणाऱ्या मोटारीत जी सोय कारखान्यात बसविली जाते, तिच्या किमतीवरही आयात जकात बसते, वर जीएसटी बसतो, आणि महाराष्ट्रात जो एकरकमी कर आहे तोही त्या वाढलेल्या आकड्यावर बसतो. म्हणजे पट्टे तांबडे हवेत एवढ्या हौसेसही तीन वेळा दक्षिणा द्यावी लागते.

तक्त्यात सर्वांत ठळक अक्षरांत वाढीव अश्वशक्ती होती. तिच्याबद्दल आमचे मत प्रतिकूल आहे. वेग ताशी 60 किलोमीटरचा 90 झाला की मोटारीतील गतिज ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. ती सगळी ब्रेकना जिरवावी लागते. आणि 90 चा वेग तरी संगमनेर ते अकोले या रस्त्यावर कोठे चालवावयाचा? मौजेची मोटार म्हणजे अफाट शक्ती हे समीकरणच आम्हांस मान्य नाही. आपल्याच मुलखातली दोन उदाहरणे आहेत. गोव्यात 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची उघडी मोटार निघाली. तिला रेनोचे लहान, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन होते. अलिबागच्या 'चिंकारा'ने रोडस्टर काढली, तिला इसुझूचे 1.8 लिटरचे. दोन्हींचे अंग फायबरचे, वजन कमी. खप मोठा झाला नाही हे खरे. परंतु वजन कमी ठेवले की थोड्या शक्तीतही मोटार हाताच्या इशाऱ्यासरशी वळते, हे तत्त्व त्यांत होते. तक्त्यातील काचेचे छप्पर, विजेवर हलणारी आसने, बारा कर्णे, हे सारे नेमके उलट करतात. मोटार जड होते, आणि छपराचे वजन तर माथ्यावर बसते.

मग ठेवावयाचे काय? यावर बरीच खडाजंगी झाली. पुढील नाक उचलण्याची सोय आम्ही पहिल्याने मागितली. बटन दाबले की मोटारीचा पुढला भाग सुमारे 40 मिलीमीटर वर येतो व गतिरोधक ओलांडता येतो. पुणे सोडल्यापासून आळेफाटा, संगमनेर करीत येथवर गतिरोधक किती, हे पुतण्याने एकदा मोजावयास घेतले व मध्येच सोडून दिले. प्रत्येकावर तिरपी चढवूनही मोटारीचे पोट घासतेच. शहरातल्या माणसास ही सोय चैन वाटेल. अकोल्यास यावयाचे असेल तर ती गरज आहे. त्याच न्यायाने वीस इंची चाकांऐवजी अठरा इंची. मोठ्या चाकाचे टायर पातळ कडेचे असतात. खड्ड्यात गेले की रिम वाकते, टायरची कड फाटते. अशा मोटारीत जादा चाक बहुधा नसतेच, छिद्र बुजविण्याचे औषध असते, आणि फाटलेल्या कडेस त्या औषधाचा उपयोग नाही. चांगले दिवेही ठेविले. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागे दिवा नसता अंधारातून पुढे उभा राहतो, तेव्हा त्या दिव्यांची किंमत कळते.

सिरॅमिकचे ब्रेक आम्ही खोडले. ते शर्यतीच्या चक्रावर वारंवार तापण्यासाठी. घाट उतरताना खालच्या गिअरात राहण्याची सवय त्यांच्यापेक्षा स्वस्त पडते. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट वहिनींनी खोडला, आमच्याही आधी. गिअरच्या बाबतीत मात्र काका-पुतण्याचे जमले नाही. नवी स्वयंचलित पेटी माणसाच्या हातापेक्षा जलद गिअर बदलते हे त्याचे म्हणणे बरोबर. पण हौसेसाठीच चालवावयाचे तर हात रिकामे ठेवून काय मिळवावयाचे, हे आमचे म्हणणे. तो रकाना कोराच राहिला.

तिसऱ्या दिवशी ठरले ते असे. चारही टायर, ब्रेक ऑइल व शॉकॲब्सॉर्बर बदलावे, नळ्या तपासाव्या, आणि दिवाळीपर्यंत तीच मोटार चालवावी. शेताचे पैसे तोवर बँकेतच राहतील. पुतण्याने हे मानले, पण खुशीने नव्हे. जेवताना तो फारसे बोलला नाही, व निघताना नमस्कार करून नेहमीप्रमाणे थांबला नाही.

आषाढात तो पुन्हा आला तो पावसातच. पहाटे आम्हांस म्हणाला, "काका, चला, राजूरपर्यंत जाऊन येऊ." आम्ही त्याच्या शेजारी बसलो. त्याच घाटात, त्याच वळणावर, त्याने वेग आधीच कमी केला, गिअर खाली घेतला, आणि मोटार रुळावरून जावी तशी गेली. आम्ही आजवर मोटारीत बसून केवळ एका गावाहून दुसऱ्या गावी गेलो होतो. चाकाखालचा रस्ता ओला आहे की कोरडा, हे आसनातून अंगास कळावे असा अनुभव त्या दिवशी प्रथम आला. वरच्या वळणाशी ढग रस्त्यावर उतरले होते. परत येताना आम्हीच त्यास जरा हळू चल म्हणालो, ते भीतीने नव्हे. रस्ता लवकर संपू नये म्हणून.

घरी आलो तो थोरले बंधू काठी घेऊन अंगणात उभे. "आता आम्ही," म्हणाले. वय 81. ते आत बसले सहज, घाट पाहून आले, परंतु उतरताना दोघांना हात द्यावा लागला. "हे आसन नव्हे, आड आहे," एवढाच त्यांनी शेरा दिला. पण त्या दिवशी ते जेवणास दोन घास अधिक जेवले, आणि तीन दिवस मुलाशी न बोललेले सगळे बोलले.

दिवाळी झाली. वहिनींनी विषय काढला नाही, पुतण्यानेही नाही. मोटार रस्ता धरते, तक्रार राहिली ती गतिरोधकांची. या वर्षी मोटार घेत नाही, असे त्याने भाऊबीजेच्या दिवशी आपण होऊन सांगितले. नातीच्या नावे ठेव झाली, तिची पावती वहिनींनी देव्हाऱ्यात ठेविली आहे. तो छापील तक्ता आमच्या मेजाच्या खणात आहे. आम्ही तो अधूनमधून काढून पाहतो, आणि गिअरच्या कोऱ्या रकान्यापाशी येऊन थांबतो.