इयादत संपल्यानंतर

आजारी माणसाला भेटायला जाणं आपल्याकडे सहसा चुकत नाही. इयादत सवाबचं काम, हे लहानपणापासून कानावर असतं. माझा मणका मोडला तेव्हा पहिल्या महिन्यात दारात चपलांना जागा नव्हती. कुणी जमजम आणलं, कुणी मोसंबी, कुणी दम केलेलं पाणी. अम्मी चहा करून थकली. दुसऱ्या महिन्यात माणसं निम्म्यावर आली, सहाव्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर एखादा डोकावायचा. याला आता चौदा वर्षं झाली.

ही तक्रार नाही. इयादतीची आपली सगळी रीत अशा आजारासाठी आहे, जो एक तर बरा होतो किंवा माणसाला घेऊन जातो. पाठीच्या कण्याला झालेली इजा यातलं काहीच करत नाही. माणूस बरा होत नाही, मरतही नाही. तो जगतो. आणि या जगण्याबद्दल भेटायला येणाऱ्यांना काही ठाऊक नसतं, घरच्यांना नसतं आणि त्याचं त्यालाही नसतं.

माझं ऑपरेशन नीट झालं होतं. पण घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावं आणि ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढंच होतं. झोपेत दर 2 तासांनी कूस बदलायची, खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, हे कुणी बोललं नाही. खाली संवेदना नाही, त्यामुळे दुखत नाही. दुखत नाही म्हणून कळत नाही. कळलं तेव्हा माकडहाडावरची जखम हाडापर्यंत पोचली होती. ती भरायला सात महिने गेले.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रुग्ण बहुतेक दोन-तीन वर्षांत दगावत. मणक्यामुळे नाही, तर याच जखमांमुळे आणि लघवीच्या संसर्गामुळे. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी कूस बदलणं, मूत्राशयाची निगा आणि खेळ यांवर भर दिला आणि माणसं जगू लागली. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आमच्या गल्लीपर्यंत आलेली नव्हती.

ती आली मोबाइलवरून. एका फिजिओथेरपिस्ट मुलीने मला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये घातलं. त्यात परभणीचा ट्रकड्रायव्हर होता, विहिरीत पडलेला सांगोल्याचा शेतकरी होता, भिवंडीची एक बाजी होती आणि नोकरीसाठी आखातात जाऊन इमारतीवरून कोसळलेला रत्नागिरीचा एक भाई होता. पहिल्या आठवड्यात मी नुसतं वाचत होतो. लघवीची नळी कायम ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वतः स्वच्छ कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करता येतं, हे मला तिथे समजलं. माझ्या बाबतीत ते चालेल का, हे नंतर डॉक्टरांना विचारलं. पण विचारायचं असतं, हे ग्रुपने शिकवलं. पाय झटके देतात म्हणून चालू असलेली बॅक्लोफेनची गोळी पैसे संपले की एकदम बंद करायची नसते, ते जिवावर बेतू शकतं, हेही तिथलंच.

एकदा रात्री दीडला त्या बाजीचा व्हॉइस मेसेज आला. डोकं फुटेल असं दुखतंय, चेहरा घामाने भिजलाय, घरचे म्हणतात नजर लागली. तिची इजा मानेजवळची. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर तुंबलेल्या लघवीसारख्या साध्या कारणाने रक्तदाब भयंकर चढतो. सांगोल्याच्या शेतकऱ्याने दोन मिनिटांत उत्तर दिलं: ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी कुठे मुडपली ते बघा, उतरलं नाही तर लगेच दवाखाना. नळी मांडीखाली दबली होती. हा माणूस सातवी पास आहे.

हे नवं आहे असं मात्र नाही. नवा आहे तो फक्त फोन. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ ज्यांनी वाचलं असेल त्यांना बाबूकाका दिवाण आठवतील. ऐन उमेदीच्या वयात पाय गेलेल्या नसीमादीदींना उभारी मिळाली ती स्वतः पॅराप्लेजिक असूनही आयुष्य कामात घालवणाऱ्या या गृहस्थांकडून. पुढे 1984 मध्ये दीदींनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड’ उभी केली. त्या काळी असा माणूस भेटणं नशिबाचा भाग होता. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात जखमी जवान एकत्र राहतात, म्हणून एकमेकांकडून शिकतात. गावातल्या माणसाला असं केंद्र कुठलं? त्याच्या तालुक्यात त्याच्यासारखा दुसरा कुणी असला तरी तोही आतल्या खोलीतच असतो.

आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न वैद्यकीय नाही. लघवीची पिशवी लावलेली असताना नमाज होते का? कित्येकांनी आपण कायम नापाक आहोत असं धरून वर्षानुवर्षं नमाज सोडलेली होती. शरियतमध्ये अशा माणसाला माजूर म्हणतात. हनफी मसल्यानुसार त्याने प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वुजू करायचा आणि पढायचं, बसून किंवा आडवं होऊन, इशाऱ्याने. ही सवलत किताबांत शतकानुशतकं लिहिलेली आहे. इयादतीला आलेल्या शेकडो लोकांपैकी, त्यात चार-पाच मौलाना होते, एकानेही मला हे सांगितलं नाही. सगळ्यांनी सब्र करायला सांगितलं. सब्र कशावर करायचा, हे आधी माहीत असावं लागतं.

ग्रुप म्हणजे जन्नत नव्हे. तिथे आमिलांचे नंबर येतात, तेलं येतात, आणि महिन्याला एक तरी ‘स्टेम सेलने माणूस चालायला लागला’ असा व्हिडिओ येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. तरी आमच्यातल्या एकाच्या अब्बांनी अर्धा एकर विकून मुलाला इंजेक्शनं दिली. पाय होते तसेच आहेत. आता असा व्हिडिओ आला की तो मुलगा स्वतःच त्याखाली जमिनीचा गट नंबर लिहितो, बाकी एक शब्द नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हल्ली लोक म्हणतात, ‘बरं झालं, तुमचा ग्रुप आहे, मन रमतं.’ जणू मोहल्ल्याची जबाबदारी फोनने उचलली. परभणीचा ड्रायव्हर मला पलंगावरून खुर्चीत कसं सरकायचं ते दाखवू शकतो, माझ्या दारातल्या तीन पायऱ्या तो तिथून उतरवू शकत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. सार्वजनिक इमारतींत आम्हाला जाता यावं असं तो सांगतो, पण आमचे शादीखाने, मदरसे आणि दर्ग्यांचे दरवाजे बघा. मशिदीच्या नव्या मिनारासाठी चंदा होतो. रॅम्पला लागणाऱ्या सिमेंटच्या गोण्यांचा विषय निघाला की ‘चौघं मिळून उचलून नेऊ की’ असं उत्तर येतं. चौघांनी उचललेला माणूस जनाजा नसतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

चाकांनी सफ खराब होते, ही हरकत मला मान्य आहे. ग्रुपवर त्याचाही तोडगा निघालाय: भिवंडीच्या बाजीच्या भावाने त्यांच्या मशिदीत आत वापरायची वेगळी खुर्ची ठेवली, बाहेरची दाराशी राहते. मी तिचा फोटो छापून आमच्या कमिटीला अर्जासोबत दिला आहे. जुनी खुर्ची माझ्याकडे पडून आहे, ती मी देणार आहे. रमजानला अजून तीन महिने आहेत.