उसन्या चुका

शुद्ध इंग्रजी लिहूं इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हातीं आपण चुकांच्या ज्या याद्या ठेवतों, त्या याद्याहि इंग्रजांकडूनच उसन्या आणलेल्या आहेत. त्यांच्या अग्रभागीं दोन ‘देअर’ ठरलेले असतात, एक स्थलवाचक व दुसरा षष्ठीचा. मग ‘इट्स’ केव्हां अपोस्ट्रॉफीसह लिहावा व केव्हां तिच्यावांचून, याचा खल चालतो. ही गफलत मुख्यतः इंग्रजाच्या मुलाची आहे. तो भाषा आधीं कानानें शिकतो, अक्षरें मागाहून. म्हणून समान ध्वनीचे शब्द त्याच्या लेखणीखालीं आपापसांत जागा बदलतात. आमचा मुलगा शब्द प्रथम डोळ्यांनीं पाहतो, स्पेलिंग घोकतो, आणि उच्चारापर्यंत पुष्कळदां पोहोंचतच नाहीं. त्याचा आजार निराळा आहे व त्याचें मूळ मराठींत आहे.

‘उसनें’ हाच शब्द घ्या. आपण उसनें घेतों आणि उसनेंच देतों. इंग्रजींत घेणाऱ्यास ‘बॉरो’ व देणाऱ्यास ‘लेंड’ असे स्वतंत्र शब्द लागतात; म्हणून आमचा पदवीधरहि ‘प्लीज बॉरो मी युअर बुक’ असें निःशंकपणें लिहून जातो. आपण एखाद्या विषयासंबंधीं चर्चा करतों, म्हणून ‘डिस्कस’च्या मागोमाग ‘अबाउट’ हटकून येतें. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यांत राहतों’ हें मराठींत निर्दोष वाक्य; कारण आपलें ‘पासून’ आरंभहि दाखवितें आणि अवधिहि. त्याचें ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स टेन इयर्स’ झालें कीं काळहि चुकला व अव्ययहि. परंतु खरी मौज ‘कीं’ या अव्ययाची. ‘गोविंदा म्हणाला, कीं मी उद्यां येईन’ यांत येणारा गोविंदाच, हें आपल्या घरांतल्या पोरालाहि कळतें. हेंच वाक्य ‘दॅट’ घालून, ‘मी’ तसाच ठेवून, इंग्रजींत उतरवा. गोविंदा घरींच राहतो व पत्र लिहिणारा पाहुणा होऊन निघतो! यांतील बहुतेक चुका इंग्रजाच्या यादींत सांपडत नाहींत, कारण इंग्रज त्या करीतच नाहीं.

आणि आमच्या शिक्षकांची तांबडी शाई खर्च होते कोठें? वाक्याच्या शेवटीं प्रिपोझिशन आलें, कीं त्याच्याखालीं रेघ. ड्रायडननें १६७२ सालीं याच कारणावरून बेन जॉन्सनला नांवें ठेविलीं. फाउलरनें १९२६ सालच्या आपल्या कोशांत ही भोळी समजूत असल्याचें साफ लिहिलें. जाणत्या इंग्रजांनीं टाकलेलें हें सोंवळें आमच्या वर्गांत मात्र अजून कडक पाळलें जातें.

कोणी म्हणेल, इंग्रजी इंग्रजींतूनच शिकवा, म्हणजे मराठीची सावली पडणार नाहीं. ज्याच्या घरीं इंग्रजी बोलतात त्याचें ठीक आहे. ज्याचे आईबाप, आजी, शेजारी सर्व मराठी, त्याच्या वाक्यावर ती पडणारच. शिक्षकानें ती न पाहण्याचें ठरविलें, एवढाच फरक. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेला हंसण्याची आतां चाल आहे. पण दोन भाषांचीं वाक्यें शेजारीं ठेवण्याचें काम तिनें केलें. तें टाकून आपण काय मिळविलें? ‘सिन्स टेन इयर्स’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर ‘मठ्ठ’ असा शेरा. वास्तविक तो आपल्या व्याकरणाशीं इमान राखूनच चुकलेला असतो. ‘पासून’चे दोन अर्थ त्याला एकदां फोडून दाखविले असते, तर तासाभरांत काम झालें असतें. पण त्यासाठीं शिक्षकाला मराठी व्याकरण यावें लागतें. आणि मोरो केशव दामल्यांचें १९११ सालचें व्याकरण इंग्रजीच्या शिक्षकाच्या मेजावर मला अजून दिसावयाचें आहे.