जुन्या पिकअपचे तेलपाणी

कल्याणच्या बाजार समितीतून पहाटे भाजी भरून ती डोंबिवली ते ठाण्यापर्यंत ठिकठिकाणी उतरवीत जाणाऱ्या टाटा २०७ जातीच्या वृद्ध पिकअपगाड्यांचे मालक पासिंग, विमा, पर्यावरण कर इत्यादी तगाद्यांपुढे निरुपाय असल्यामुळे आपली सारी काटकसर इंजिनात पडणाऱ्या तेलावर करतात. आणि ती शहाणपणाची की आत्मघातकी, हे ते तेल केवळ स्वस्त आहे की एकदा वापरलेले आहे यावर अवलंबून असते.

स्वस्त तेलाची मला धास्ती वाटत नाही. भारत स्टेज दोनच्या काळात डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भागांपर्यंत गंधक चालत असे, त्याचे जळून आम्ल होई व ते मारण्याचे काम इंजिनातल्या तेलातील अल्कधर्मी द्रव्यांवर येई. १ एप्रिल २०२० पासून ती मर्यादा १० भागांवर आल्यामुळे, त्या जुन्या काळासाठी घडविलेल्या इंजिनात आज साधे १५डब्ल्यू-४० तेलही पूर्वीपेक्षा सुखाने नांदते. तेल काळे पडले म्हणून घाबरू नये. धुण्याचे पाणी मळले म्हणजे धुणे बिघडले असे कोणी म्हणत नाही, आणि काजळी स्वतःत तरंगत ठेवणे हे तर त्या तेलाचे कर्तव्यच आहे.

मात्र ते मुदतीत बदलले पाहिजे, आणि ही मुदत किलोमीटरच्या काट्यावरून ठरविण्याचा शिरस्ता आमच्या मुलखात सपशेल निकामी ठरतो. कारण कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदरच्या वाटेवर गाडी तासन् तास जागच्या जागी धडधडत उभी असता काटा हलत नाही, परंतु काजळी साचत राहते, आणि नोझल गळके असेल तर न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलाला पातळ करते. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. कंपनीच्या पुस्तकातील आकडा मोकळ्या रस्त्याचा समजून आपण त्याच्या बराच आधी तेल बदलावे; महाग तेल दीर्घकाळ ठेवण्यापेक्षा स्वस्त तेल वारंवार बदलणे जुन्या इंजिनाला अधिक मानवते, असे माझे मत आहे.

वापरलेले तेल निवळून, फडक्यातून गाळून पुन्हा डब्यात भरलेले असते, त्याची गोष्ट निराळी. "साहेब, फडक्यानं कचरा जाईल, ऑइलचा गेलेला दम कुठून आणाल?" असे एका मिस्त्र्याने मला ऐकविले, ते शास्त्रास धरूनच होते; कारण काजळीचे कण फडक्याला दाद देत नाहीत आणि खर्ची पडलेली द्रव्ये गाळण्याने परत येत नाहीत. निर्वात ऊर्ध्वपातनासारख्या संस्कारांनी शुद्ध करून नवी द्रव्ये मिसळलेले तेल उत्तम असते, पण तो कारखान्याचा व्यवहार आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविले होते, हे वाचून वड्याचे उरलेले तेल टाकीत ओतू पाहणाऱ्या उत्साही गृहस्थांनाही हाच न्याय लागू आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली सुरू केलेल्या योजनेत तसले तेल बायोडिझेलच्या कारखान्याकडे जाते, ते उगाच नव्हे.

जळक्या ऑइलचा जुना मामूल उपयोग म्हणजे पावसाळ्याआधी स्प्रिंगच्या पाट्यांना फासणे. तेही कुंचल्याने, बेताने. रबरी बुश आणि ब्रेकचे लायनर यांपासून लांब, कारण लायनरवर पडलेला एक ओघळही उतारावर प्राणांतिक ठरेल.

उरलेल्याचे काय होते, हे वालधुनी नदीच्या काठावर उभे राहिल्यास नाकाला कळते, मग त्यात गॅरेजांचा वाटा किती हा हिशेब कोणी मांडो वा न मांडो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडत असून १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करविण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. तेव्हा पिकअपच्या मालकांस विनंती, की तेल बदलविताना काढलेले तेल झाकणाच्या डब्यात धरावयास सांगावे, ते पुढे कोणाकडे जाते याची चौकशी करावी, आणि उत्तरात टाळाटाळ दिसल्यास गॅरेज बदलावे.