वारा साक्रीचा, वाटा कोणाचा?

धुळ्याहून साक्रीकडे आणि तेथून निजामपूर-छडवेलच्या अंगाने नंदुरबारकडे निघालेल्या प्रवाशाला आज जे दृश्य दिसते, ते तीस वर्षांपूर्वी या भागातल्या कोणाच्या कल्पनेतही नव्हते. उघड्याबोडक्या माळांवर आणि टेकड्यांच्या माथ्यांवर पवनचक्क्यांचे मनोरे ओळीने उभे आहेत आणि त्यांची भली थोरली पाती संथपणे फिरत आहेत. नव्या सहस्रकाच्या पहिल्या दशकात ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनऊर्जेचा जो विस्तार झाला, त्याने हा मुलूख देशाच्या ऊर्जानकाशावर आणला. आज येथील स्थापित क्षमता पाचशे मेगावॉटहून अधिक आहे. त्यात मार्च २०१३ मध्ये महानिर्मितीच्या १२५ मेगावॉटच्या सौर प्रकल्पाची भर पडली. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या अर्थसाहाय्याने तो उभा राहिला. ज्या वाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पिके सुकवली आणि ज्या उन्हाने विहिरी आटवल्या, तोच वारा आणि तेच ऊन राष्ट्रीय संपत्ती ठरावी, हा काळाचा मोठाच चमत्कार म्हटला पाहिजे.

मात्र त्याच मनोऱ्यांच्या पायथ्याशी वसलेल्या एखाद्या गावात जाऊन, या संपत्तीतून गावाच्या पदरात काय पडले, असे विचारले तर उत्तर बरेच आखूड मिळते. जमिनीचा एकदाच मिळालेला मोबदला, ग्रामपंचायतीला मिळणारा कर, रखवालीच्या काही नोकऱ्या आणि मनोऱ्यापर्यंत जाणारा कच्चा रस्ता. काही ठिकाणी वनजमिनींवर मनोरे उभे राहिले आणि त्या जमिनी कसणाऱ्यांना आंदोलने करावी लागली. वीज मात्र उच्चदाब वाहिन्यांवरून दूर निघून जाते.

नैसर्गिक संपत्ती राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेला हातभार लावते, हे वाक्य शालेय पाठ्यपुस्तकात वाचताना निर्विवाद वाटते. प्रश्न असतो तो पुढचा. तो हातभार कोणत्या वहीत लिहिला जातो आणि कोणाच्या नावावर? आपल्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित नव्हता. कौटिल्याने खाणींना राजकोशाचे उगमस्थान मानले, वनोपजासाठी कुप्याध्यक्ष नेमला आणि सिंचनाच्या पाण्यावर उदकभाग आकारला. पाणी कोणत्या साधनाने शेतात आणले, यावर त्या आकारणीचे प्रमाण ठरे. संपत्तीची गणना करणे आणि तिचा भाग ठरवणे, ही दोन्ही राज्याची कर्तव्ये त्याने एकत्रच सांगितली.

पुढे परकीय सत्ता आली आणि गणना तेवढी उरली. साक्रीच्या पश्चिमेला लागून असलेल्या डांगची हकिकत या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. मुंबईच्या गोदीतील जहाजबांधणीसाठी त्यांना सागवानाची निकड होती. १८४२ मध्ये त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगले पट्ट्याने घेतली. राजांना वार्षिक रक्कम बांधून दिली आणि शतकानुशतके वाढलेले साग समुद्राकडे रवाना झाले. त्या राजांच्या वारसांना आजही आहव्याच्या वार्षिक दरबारात मानधन मिळते. ते किती नाममात्र असते, हे सांगण्याची गरज नाही. १८६७ पासून दादाभाई नौरोजी लंडनमध्ये जो संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडत होते, त्याचे एक लहानसे पण अत्यंत स्पष्ट उदाहरण डांगच्या डोंगरांत पंचवीस वर्षे आधीच घडू लागले होते.

स्वातंत्र्यानंतर स्वकीयांचे राज्य आले तरी उगमाच्या प्रदेशाचे नष्टचर्य संपले असे नाही. १९५० च्या दशकात केंद्राने कोळसा आणि पोलाद यांच्या वाहतुकीचा खर्च देशभर समान राहील अशी व्यवस्था केली. बिहारच्या कोळशाचा भाव मुंबईतही जवळजवळ तोच पडू लागला. साहजिकच कारखाने बंदरांजवळ निघाले आणि खाणींच्या प्रदेशात धूळ राहिली. हे धोरण १९९० च्या दशकाच्या आरंभी मागे घेतले गेले, तोवर चार दशके उलटली होती. या धोरणाचा लाभ घेणाऱ्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता, हेही येथे प्रांजळपणे नोंदवायला हवे. साक्रीच्या वाऱ्याविषयी न्याय मागताना झारखंडच्या कोळशाचा विसर पडता कामा नये.

खनिजांच्या बाबतीत ही चूक काही अंशी दुरुस्त झाली. २०१५ मध्ये खाण व खनिजे कायद्यात दुरुस्ती होऊन खाणी असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करणे बंधनकारक झाले. जुन्या खाणपट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांपर्यंत, तर लिलावाने पट्टे घेणाऱ्यांनी १० टक्के रक्कम या प्रतिष्ठानाकडे भरायची आणि ती खाणबाधित गावांवर खर्च व्हायची, अशी ही योजना आहे. जलविद्युत प्रकल्पांत यजमान राज्याला १२ टक्के वीज विनामूल्य देण्याची प्रथा त्याहून जुनी. २००८ च्या जलविद्युत धोरणाने त्यात स्थानिक क्षेत्राच्या विकासासाठी आणखी एक टक्का जोडला. म्हणजे चंद्रपूरच्या कोळशाला उगमाचा वाटा आहे, हिमाचलच्या नदीला आहे. साक्रीच्या वाऱ्याला आणि उन्हाला मात्र असा कायदेशीर वाटा नाही. वारा कोणाच्या मालकीचा नसतो, असे यावर सांगितले जाते. मग नदीचे वाहते पाणी तरी कोणाच्या मालकीचे असते?

वारा आणि ऊन निदान मोजले तरी जातात. युनिटच्या हिशेबाने ते राष्ट्रीय उत्पन्नात उतरतात. याच तालुक्यात अशीही एक संपत्ती आहे, की जी अजून धड मोजलीच जात नाही. तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेलगत, बारीपाडा हे लहानसे गाव आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी येथील डोंगर बोडके झाले होते, पाण्यासाठी बायांना दूर जावे लागे आणि पोटासाठी माणसे गाव सोडून मजुरीला जात. वनवासी कल्याण आश्रमाच्या कामासाठी या परिसरात आलेले डॉ. आनंद फाटक आणि गावातलेच तरुण चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने जंगल राखण्याचा निश्चय केला. कुऱ्हाडबंदी झाली, नियम मोडणाऱ्याला दंड ठरला आणि राखणदारी गावानेच वाटून घेतली. डोंगरउतारांवर चर खणले, ओढ्यांवर लहान लहान बंधारे घातले. आज सुमारे ११०० एकरांचे जंगल गावाने राखले आहे. विहिरींना पाणी आहे, चारसूत्री पद्धतीने लावलेला भात आहे, आणि शेजारच्या गावांनाही येथील पाण्याचा आधार झाला. २००४ पासून गावात रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. डोंगरात काय काय उगवते आणि ते कसे रांधायचे याचे जे ज्ञान आजीबरोबर संपून गेले असते, ते त्या निमित्ताने नातीपर्यंत पोहोचते. २००३ मध्ये या कामाला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर आहेत, ही गोष्ट सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाही. जमाखर्च शिकलेल्या माणसाने अशी संपत्ती उभी केली, की जिच्यासाठी देशाच्या जमाखर्चात रकानाच नाही. उद्या बारीपाड्याने ते जंगल तोडून विकले, तर त्या वर्षी सकल राष्ट्रीय उत्पन्नात वाढ दिसेल. जंगल उभे राहिले, झरे वाहते राहिले, उतारावरची माती धरणांत वाहून गेली नाही, तर मध, मोहाची फुले, बांबू असे जे काही विकले जाते तेवढेच वहीत चढते. बाकीचे शून्य. ही विसंगती अर्थतज्ज्ञांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. हरित राष्ट्रीय लेखा कसा मांडावा, यावर सर पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणविषयक लेख्यांची प्रकाशने काढत आहे. मात्र अर्थसंकल्प मांडताना जो आकडा मिरवला जातो, तो जुनाच आहे.

वित्त आयोगाने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले होते. केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा ठरवताना चौदाव्या आयोगाने वनाच्छादनाला साडेसात टक्के भार दिला आणि पंधराव्या आयोगाने तो दहा टक्क्यांवर नेला. जंगल राखणाऱ्या राज्याने राष्ट्रासाठी काही सोडले आहे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. पण ही रक्कम राज्याच्या तिजोरीत येते आणि तिथेच इतर रकमांत मिसळून जाते. ज्यांनी रात्री-अपरात्री कंदील घेऊन जंगलाची राखण केली, त्या पाड्यापर्यंत तो भार रुपयांच्या रूपाने पोहोचवणारी वाट कोणी आखलेली नाही. दिल्लीने मुंबईला जो न्याय दिला, तो मुंबईने बारीपाड्याला द्यायला काय हरकत आहे?

वाटा कसा द्यावा, हे शिकण्यासाठी नॉर्वेच्या तेलनिधीचा अभ्यासदौरा काढण्याचे कारण नाही. (तो निधी उत्तम चालतो, यात वाद नाही, आणि फॉस्फेटच्या जोरावर काही काळ श्रीमंत झालेल्या नाउरू बेटाचे पुढे काय झाले, तेही अभ्यासण्यासारखे आहे.) साक्रीतच, पांझरेच्या काठावर, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत नांदत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि त्या पाण्याखालच्या जमिनीचे मोठे मोठे फड. एका फडात एकच पीक. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात हंगामी पीक, हे गाव मिळून ठरवी. पाटकरी पाणी देई, हवालदार देखरेख करी, जागल्या राखण करी आणि त्यांचा मेहनताना शेतकरी देत. या व्यवस्थेतली खरी मेख जमिनीच्या वाटणीत होती. शेतकऱ्याचे क्षेत्र बहुधा एकाच फडात नसे. थोडे या फडात, थोडे त्या फडात असे. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवला जाई, आणि त्यामुळे तुटीचा भार सर्वांवर सारखा पडे. पाटाच्या मुखाशी जमीन असलेल्याने सगळे पाणी घ्यावे आणि शेपटाकडच्याने आभाळाकडे पाहावे, असे तेथे होत नसे.

मोठी धरणे झाली, विहिरी-विद्युतपंप आले, आणि ही पद्धत बऱ्याच ठिकाणी मागे पडली. पांझरा आणि कान या दोन्ही नद्यांचे नाव घेऊन भाडण्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे तोही बंद पडला. नावे राहिली.

उगमाचा वाटा दिला तर वीज महागेल, उद्योजक पळून जातील, असा आक्षेप हमखास घेतला जाईल. त्याला आधार आहे तो एवढाच, की विजेचे दर ही खरोखरच स्पर्धेची बाब आहे आणि भरमसाट वाटा मागणे आत्मघातकी ठरेल. पण जलविद्युतीत एक टक्का दिल्याने कोणी पळाले नाही. महाराष्ट्राच्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकत न घेता हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, असा व्यवहार राज्य शासनानेच ठरवला आहे. जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते आणि उत्पन्नाचा ओघही तुटत नाही. हेच सूत्र पवनचक्क्यांना लावता येईल. जुन्या मनोऱ्यांची आयुर्मर्यादा आता संपत येत आहे आणि त्यांच्या जागी अधिक क्षमतेची यंत्रे बसवण्याचे धोरण देशपातळीवर आखले गेले आहे. नवे करार करण्याची वेळ हीच आहे. एकदा करार झाले की पुढची वीस-पंचवीस वर्षे गावाला बोलायला जागा उरणार नाही.

पैसा गावात गेला तर तो जिरून जाईल, अशीही शंका शहरी मंडळी घेतात. शंकेचे उत्तर बारीपाड्याच्या विहिरींत आहे. शिवाय यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असेही नाही. साक्रीचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिलेली आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के भाग अशा गावांना थेट देण्याचा निर्णयही महाराष्ट्राने २०१५ मध्ये घेतला. त्या रकमेसाठी गावोगाव ग्रामसभेच्या कोषाची बँक खाती उघडली गेली. वाऱ्याचा आणि जंगलाचा वाटा जमा करायचा तर ती खाती तयारच आहेत.