जरा हटके जॉब : हवेचे अकाउंटंट

शुक्रवारची संध्याकाळ, चाकणचा तळेगाव चौक. पुढे ट्रेलर, मागे कंपनीची बस, मध्ये तुमची कार न्यूट्रलला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मग गाडी हलो वा न हलो. पीयूसीवाला त्यावरून कुणाला नापास करत नाही. मग हा हिशेब ठेवतं कोण?

एक हिशेब लॅबमध्ये होतो. 'एआरएआय'सारख्या संस्थेत (चाकणलाही तिचं केंद्र आहे) नवी गाडी रोलरवर चढवून 1180 सेकंद ठरलेल्या तालात पळवतात. अंतर साधारण साडेदहा किलोमीटर, कमाल वेग 90. सिग्नलला थांबणंही त्यात धरलेलं असतं, पण तळेगाव चौकाइतकं नक्कीच नाही! 'कॅफे' नियमांनी (कॉफीचा संबंध नाही, बॉस) कंपन्यांना 2017-18 पासून किलोमीटरला सरासरी 130 ग्रॅमची मर्यादा घातली, 2022-23 पासून 113 ची. शहराचा आकडाही असाच निघतो. किती इंधन खपलं, गुणिले एवढं. म्हणजे सगळा कागदावरचा गुणाकार.

तो खरा की खोटा हे हवेलाच विचारायचं, हा दुसरा हिशेब. पाषाणच्या 'आयआयटीएम' या केंद्र सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ योगेश तिवारी आणि त्यांच्या टीमने 2009 मध्ये सिंहगडावरची हवा काचेच्या बाटल्यांत भरून आणायला सुरुवात केली. गडच का? चौकात मोजाल तर समोरच्या ट्रकचा धूर मोजाल. उंचावर लांबलांबची, नीट मिसळलेली हवा मिळते. अशा कामात नमुना घेणाऱ्याचा श्वासही घोटाळा करू शकतो. बाहेरच्या हवेत 2024 मध्ये सरासरी 424 पीपीएमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होता, आपल्या उच्छ्वासात असतो तब्बल 40,000! त्यामुळे वारा आधी बाटलीला लागेल, मग आपल्याला, असं उभं राहायचं.

2014 मध्ये त्यांचा पेपर आला. गोव्यातल्या काबो द रामच्या जुन्या नोंदीही त्यात होत्या. हिवाळ्यात चढउतार 15 पीपीएमच्या वर, पावसाळ्यात जवळजवळ निम्मे. कारण जुलैत सिंहगडावर अरबी समुद्रावरची हवा येते आणि जानेवारीत थेट गंगेच्या मैदानाकडची.

गोची इथेच आहे. गडावरच्या बाटलीत चाकण असेल, पण लखनौही असेल. दोघांना वेगळं काढायला चारी बाजूंनी मोजमाप हवं, जोडीला वाऱ्याचं कॉम्प्युटर मॉडेल. मला विचाराल तर एवढ्या गाड्या बनवणाऱ्या पट्ट्याला आपल्या हवेतल्या कार्बनचा स्वतंत्र, मोजलेला आकडा मिळायला हवा. कंपन्यांनी रिपोर्टात छापलेला नव्हे, बाटलीतला.

हे काम करायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री किंवा अॅटमॉस्फेरिक सायन्समधली एमएससी हवी. आणि दहा वर्षं तीच हवा पुन्हा पुन्हा मोजायची चिकाटी. अप्रेझल तिमाहीला होत नाही.