परक्याची मज्जा आणि आपली भीति

अन्नदान, विद्यादान आणि रक्तदान यांची थोरवी आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको. परंतु आपल्या हाडांतील मज्जाही दुसऱ्यास देतां येते, असें कोणी म्हटलें कीं, घरोघरींची वडील मंडळी दचकतात. ही भीति अनाठायीं आहे, असें आमचें नम्र मत आहे. तें पटावें म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतों.

१९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत युगोस्लाव्हियांतील बेलग्रेड शहराजवळ, विंचा येथील अणुसंशोधन-संस्थेंत अपघात झाला आणि सहा तरुण मंडळींच्या शरीरांवर प्रखर किरणांचा मारा झाला. मज्जा हा रक्ताचा कारखाना होय. तींतील मूळपेशींपासून नवें रक्त नित्य तयार होतें. किरणांचा घाव प्रथम बसतो तो या कारखान्यावरच. तो बंद पडला म्हणजे रक्तस्राव थांबत नाहीं आणि क्षुल्लक जंतूही जीव घेतो.

या सहा जणांस पॅरिसला नेण्यांत आलें. तेथें डॉक्टर जॉर्ज माते यांनीं त्यांपैकीं पांच जणांस निरोगी फ्रेंच माणसांची मज्जा दिली. देणारांचें या रोग्यांशीं ना नातें, ना ओळख, ना भाषा एक! शिवाय परक्याची मज्जा शरीरांत तगेल, अशी खात्री त्या काळीं कोणासच नव्हती. पांचांपैकीं एक दगावला, चौघे वांचले.

खरें सांगावयाचें तर ती परकी मज्जा त्यांच्या शरीरांत कायमची राहिली नाहीं. कांहीं आठवड्यांनीं त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा कामास लागली. म्हणून परक्या मज्जेनें जीव वांचला कीं शरीराच्या अंगच्या शक्तीनें, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहे. मग तें दान व्यर्थ गेलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. घरधनी अंथरुणास खिळला असतां शेजाऱ्यानें चार दिवस गुरांचें चारापाणी केलें, तर त्या उपकाराचें माप कोणी काढीत बसत नाहीं.

हा रामबाण उपाय आहे, असेंही आम्ही म्हणत नाहीं. १९८६ सालीं चेर्नोबिलच्या अपघातानंतर तेरा जणांस मज्जा दिली, तरी त्यांतील बहुतेक दगावले. कातडी व आंतडीं होरपळलीं असतां एकटी मज्जा काय करणार? परंतु असे अपघात विरळा; रक्ताचा कर्करोग आणि थॅलॅसेमिया मात्र विरळ नाहींत. या रोगांत जुनी मज्जा औषधांनीं अथवा किरणांनीं मुद्दाम नष्ट करून नवी देतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत हे उपचार १९८३ सालापासून होत आहेत. सख्ख्या भावंडाशीं जुळणी होण्याचा संभव चारांत एक. बाकीच्यांनीं परक्याच्याच तोंडाकडे पाहावयाचें.

आणि द्यावयाचें तें किती? आज बहुधा हातांतून रक्त घेऊन, यंत्रानें मूळपेशी वेगळ्या काढून, उरलेलें रक्त परत देतात. कधीं कमरेच्या हाडांतून मज्जा घेतात, तीही भूल देऊन. पाठीच्या कण्यास हातही लागत नाहीं, आणि कांहीं आठवड्यांत शरीर ती उणीव भरून काढतें.

अठरा वर्षें पुरीं झालीं म्हणजे दाता म्हणून नांव नोंदवितां येतें. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आणि पालकांस आमची एवढीच विनंती कीं, आपल्या मुलानें तो हात पुढें केला, तर मायेच्या भरांत तो मागें ओढूं नये.