‘आपल्याकडं काय हाय बघायला?’

मंडळी, दोन दिवसांपासून आपल्या भागातल्या एका जोडप्याचे रोमचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतायत. लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून गेलेत, स्वतःच्या कमाईतून गेलेत. दोघांचं मनापासून अभिनंदन. ‘इथं दुष्काळ आन् ह्यांना फिरणं सुचतंय’ ही कुजकी भाषा मला मान्य नाही. माणसानं जग बघावं. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी कोलोसियम बघितलं, मग रोमन फोरम, संध्याकाळी पँथिऑन. फोटोखाली आपल्याच लोकांनी, त्यात शिक्षक आहेत, पुढारीही आहेत, लिहिलंय, ‘ह्याला म्हणायचं इतिहास! आपल्याकडं काय हाय बघायला?’

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय आणि आता त्याचा वीट आलाय.

त्या फोरमच्या फोटोत काय दिसतं, नीट बघा. तुटके खांब, उघडे पडलेले चौथरे, विटांच्या भिंती. आपल्याकडं असतं तर ‘पडकं हाय, पाडून टाका, कॉम्प्लेक्स बांधू’ म्हणालो असतो. तिथं मात्र प्रत्येक दगडाचं नाव सांगणारं कुणीतरी उभं आहे, म्हणून लोक तिकीट काढून बघतात.

आता आपल्याकडं काय आहे ते सांगतो. चौसाळ्यातून हायवेनं निघा. फटाक्यांचं तेरखेडा मागं टाकून येडशी, तिथून ढोकी, ढोकीतून तेर. सकाळी निघालात तर जेवायच्या आत अर्धं गाव बघून होतं. गोरोबाकाकांचं तेर म्हणून आपल्याला ते माहीत आहे, दर्शनालाही जातो. पण हेच गाव म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहितीवही लिहिली, ‘पेरिप्लस’ नावानं ती आजही वाचायला मिळते. त्यात पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून तगर आहे. इथलं सुती कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून जहाजानं पुढं. रस्ते नसलेल्या मुलखातून माल येतो, असंही त्यानं लिहून ठेवलंय. रस्त्यांवर आज बोलत नाही, तो विषय वेगळा.

त्याच शतकात प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करत होता की दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, एकटा हिंदुस्थान घेऊन जातो. त्यांचा पैसा आपल्या कापडावर, मिऱ्यावर, हस्तिदंतावर जात होता. आज आपला त्यांच्या तिकिटांवर जातोय. जाऊ द्या, पण तेवढं माहीत तरी असू द्या.

हस्तिदंताचं तर खासच. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई राखेत गाडलं गेलं. त्या पॉम्पेईतल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली, वीतभर उंचीची, अंगभर दागिने, बाजूला दोन दासी. मूर्ती भारतीय आहे याबद्दल वाद नाही. आज ती नेपल्सच्या म्युझियममध्ये काचेआड आहे. आणि तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंताची स्त्रीमूर्ती कुठं आहे? तेरच्या लामतुरे संग्रहालयात. तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही निघाली. पॉम्पेईची मूर्ती आपल्याच मुलखातून गेली असावी, असं मत अभ्यासकांनी मांडलंय. भाऊ, वहिनी, तुमच्या कार्यक्रमात पुढं पॉम्पेई आहे म्हणे. नेपल्सला उतरून तिला बघूनच या. माहेरचं माणूस भेटल्यासारखं होईल.

तेरमध्ये त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. मुळात तो बौद्ध चैत्य होता असं जाणकार सांगतात. कोरीव लाकडी दरवाजाचं उत्तरेश्वर आहे. जुन्या विटा अशा हलक्या की पाण्यावर तरंगतात. आणि हे सगळं जपलं कुणी? सरकार नंतर आलं. आधी तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसानंतर टेकाडावर उघडे पडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आयुष्यभर गोळा केल्या. एका साध्या गावकऱ्यानं. आपण काय केलं? मराठवाड्यातल्या गावागावांत जुन्या पांढरीची माती माळवदावर टाकायला नेली, पुढं जेसीबी लावून नेली. त्या ट्रॉल्यांतून किती मणी गेले, कोण मोजणार?

‘तेर आपल्या जिल्ह्यात नाही’ हे उत्तर मला पुढाऱ्यांकडून मिळालंय. साहेब, रोम कुठल्या तालुक्यात येतं? नकाशावर तेर आणि पैठणला पट्टी लावा, रेघ थेट बीडजवळून जाते. गाड्या त्याच रेघेवरून गेल्या असं मी म्हणत नाही, पण हा मुलूख त्या व्यापाराच्या वाटेवरचा आहे. आज बीडचं नाव बाहेर काढलं की ऊसतोड, दुष्काळ आणि खून एवढंच निघतं. आपल्या पोरांनाही तेवढंच ठाऊक आहे, कारण दुसरं कुणी सांगितलंच नाही.

हायवेला ढाब्यांच्या पाट्या कितीतरी आधीपासून दिसतात. दोन हजार वर्षांच्या शहराची पाटी तुमच्या नजरेत कधी भरली का, खाली सांगा. रविवारी बीडहून तेरला एक एसटी, हायवेवर ठसठशीत पाटी, गावातल्याच चार पोरांना गाईडचं प्रशिक्षण आणि त्याचा पगार. एका वाढदिवसाच्या बॅनरबाजीत यातलं बरंच काही बसेल.

आणि मुख्याध्यापक मंडळी, डिसेंबर आला की सहल वॉटर पार्कला निघते. यंदा तेरला न्यायला काय अडचण आहे, ते नाव-शाळेसह खाली लिहा. मी छापतो.